वारीला निघताना घोडे कुणाच्या भरवशावर सोडायचे?

आमच्याकडे दोन घोडे आहेत. मैना ही कुमेत (तांबूस तपकिरी) मारवाडी घोडी, नऊ वर्षांची, जरा तापट. भुऱ्या म्हातारा, खच्ची केलेला, गरीब स्वभावाचा. शिरवळच्या अलीकडे आमची दोन एकर जमीन आणि तिच्यातच तबेला. गेली काही वर्षं मी आणि हे दोघंही माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालतो. म्हणजे जवळजवळ वीस दिवस घराला कुलूप. गाय असती तर शेजारणीला सांगून भागलं असतं. घोड्याचं तसं भागत नाही, हे मी पहिल्याच वर्षी पैसे मोजून शिकले.

त्या वर्षी मी गावातला एक बावीस वर्षांचा मुलगा ठेवला होता. पोरगा घोड्यावर असा बसायचा की बघत राहावं. प्रेमळही होता. त्यानं मैनाला रोज ठरलेली चंदी, म्हणजे हरभरा-कोंड्याचा खुराक, न चुकता घातली. पण पाऊस लागून राहिल्यामुळे तिला आठवडाभर बाहेर काढलं नाही. आठव्या दिवशी उघडीप पडली आणि यानं खोगीर घालून तिला माळावर भरधाव सोडली. दहा मिनिटांत घोडी जागच्या जागी थांबली. अंगातून घामाच्या धारा, मागच्या मांड्या दगडासारख्या टणक, लघवी काळ्या कॉफीच्या रंगाची. पोरगं घाबरलं आणि त्यानं फोनच केला नाही. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा आम्ही चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या रिंगणाच्या गर्दीत होतो. माउलींचा अश्व समोरून धावत गेला आणि मी रडत जीप शोधत होते.

मैना वाचली. तीन आठवडे लागले. डॉक्टर एवढंच म्हणाले, “काम बंद तर चंदी बंद. हे त्याला कोणी सांगितलं होतं का?” कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे मीच सांगितलं नव्हतं.

ज्यांनी नुकताच घोडा घेतलाय आणि पहिल्यांदाच लांब जायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

१. आधी तारखा बघा, मग माणूस

घोड्यातला जाणता माणूस वर्षभर मोकळा नसतो. तुळशीचं लग्न लागलं की वरातीचे घोडेवाले उन्हाळ्यापर्यंत हाती लागत नाहीत. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, तिच्यापाठोपाठ नांदेडकडची माळेगावची खंडोबाची यात्रा. घोड्याचा नाद असलेली निम्मी माणसं तेव्हा तिकडे. मे महिन्यात माथेरानचे घोडेवाले मान वर करत नाहीत. पावसाळ्यात पुण्याच्या रेसचा हंगाम असतो, त्यामुळे तिथले मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे, अडकलेले. आणि आषाढात आमच्याकडे दुहेरी पंचाईत: निम्मं गाव वारीला आणि उरलेलं पेरणीला.

तेव्हा दोन महिने आधी विचारायला लागा. नालबंदालाही तेव्हाच सांगून ठेवा. नाल साधारण सहा आठवड्यांनी बदलावे लागतात. तुम्ही गावाला असताना नाल ढिला होऊन खिळा खुरात घुसला, तर बिचारा राखणारा काय करणार? निघण्याच्या आठवडाभर आधी नालबंदी उरकून घ्या. आदल्या दिवशी नको. एखादा खिळा दुखावला असेल तर ते लंगडणं तुमच्या डोळ्यांदेखत कळायला हवं.

२. घरीच ठेवायचा की दुसरीकडे पाठवायचा?

पुण्या-मुंबईच्या आसपास रायडिंग क्लब आहेत. त्यांतले काही महिन्याच्या हिशोबानं बाहेरचे घोडे ठेवून घेतात. तिथे माणसं चोवीस तास असतात, डॉक्टरांची फेरी असते. तोटा असा की घोड्याला जागा नवी, पाणी नवं, वैरण नवी, शेजारी नवे. पोटशूळ उठायला यातली एखादी गोष्टही पुरते. एकटा घोडा असेल आणि महिन्याच्या वर जायचं असेल तर मी क्लबचा विचार करेन. दोन असतील आणि पंधरावीस दिवसांचा प्रश्न असेल तर घरीच बरं.

पाठवायचंच ठरलं तर आठवडाभर आधी पाठवा आणि घरची वैरण बरोबर द्या. क्लबमध्ये गेल्यावर ऑफिस बघू नका, पाठीमागची बाजू बघा. लीद किती दिवसांची साचलीय, पाण्याच्या बादल्या एकमेकांत फिरतात का, नव्या घोड्याला चार दिवस वेगळं बांधतात का, ते पाहा. ग्लँडर्स हा रोग २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यात अधिसूचित आहे. तो माणसालाही होतो आणि बाधित घोड्याला मारावं लागतं. रक्ततपासणीचा दाखला न मागता कुठलाही घोडा आत घेणाऱ्या तबेल्यात मी माझा घोडा ठेवणार नाही, भाडं कितीही कमी असो.

३. माणूस शोधायचा कुठे

सगळ्यात आधी नालबंदाला विचारा. तो दहा गावांतले तबेले बघतो, कुणाचा घोडा पाय उचलून देतो आणि कुणाचा लाथा झाडतो हे त्याला पाठ असतं. जो घोडा शांतपणे पाय देतो त्याला रोज कोणीतरी नीट हाताळत असतं. तो ‘कोणीतरी’ तुम्हाला हवाय.

दुसरा, तुमचा पशुवैद्यक. तिसरे, रेसच्या तबेल्यातून किंवा टांग्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले लोक. वयस्कर असतात, जड ओझी उचलवत नाहीत, पण त्यांची नजर काही औरच असते. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे आमच्या भागात शेवटच्या वर्षाची मुलंही कधीकधी तयार होतात. त्यांना रोगाची माहिती उत्तम असते, पण घोडा रोज हाताळलेला असेलच असं नाही. तेव्हा विचारून घ्या.

नातेवाइकांबद्दल माझं मत कडू आहे. भाचा येऊन राहतो, घर सांभाळतो, पण चुकलं तर त्याला बोलता येत नाही आणि पैसे तो घेत नाही. मजुरी घेणाऱ्या माणसाला हक्कानं विचारता येतं.

४. पहिली भेट

मी उमेदवाराला तबेल्यात बोलावते आणि गप्प बसते. तो आधी काय बघतो एवढंच बघते.

हल्ली आमच्याकडे येतात ते तात्या सत्तरीचे आहेत. तरुणपणी त्यांचा टांगा होता. पहिल्यांदा आले तेव्हा मैनाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ हौदाशी गेले, सदऱ्याची बाही वर सरकवली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, तळ चाचपला आणि हात नाकाशी नेऊन हुंगला. मग म्हणाले, “ताई, हौद कधी घासला होता?”

मला आठवेना. हौद वरून स्वच्छ दिसत होता, तळाला बोटभर शेवाळ होतं.

मग ते लिदीच्या ढिगापाशी गेले, एक गोळा चपलेनं फोडला, आतले हरभऱ्याचे अख्खे दाणे बघितले. सगळ्यात शेवटी घोडीजवळ. समोरून नाही, डाव्या खांद्याच्या बाजूनं, तोंडानं काहीतरी पुटपुटत. मैनानं कान पुढे केले. माझी मुलाखत तिथेच संपली होती, पण तुम्ही एवढ्यावर थांबू नका. पुढचं करून घ्याच:

मोरकी (तोंडावर अडकवायचा दोराचा साज) घालून घोडा बाहेर काढायला सांगा. दोर हाताला गुंडाळून घेणारा माणूस नको. घोडा उधळला तर बोटं जातात आणि सुटलेला घोडा रस्त्यावर.

खांबाला बांधायला सांगा. टोक ओढलं की झटक्यात सुटणारी गाठ मारतो का? गळफासासारखी आवळत जाणारी गाठ मारणाऱ्याला निदान ती सुटणारी गाठ तरी शिकवावी लागेल.

चारही पाय उचलून खूर साफ करायला सांगा. आणि मग विचारा, “रात्री अकराला घोडा वैरण सोडून पोटाकडे वळून बघतोय. काय कराल?” “तेल पाजीन”, “हिंग-सोडा देईन”, “इंजेक्शन देता येतं मला” ही तिन्ही उत्तरं नापास. “आधी तुम्हाला आणि डॉक्टरला फोन” हे उत्तर पास. हा प्रश्न जरूर विचारा, कारण आपल्याकडे गुराला नळ्यानं औषध पाजणारे हात गावोगावी आहेत आणि तेच हात घोड्यावर चालतात. घोड्याचं डोकं वर करून नळ्यानं तेल ओतलं की ते फुप्फुसात जायची भीती असते. घोड्याला उलटीही होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलंही परत बाहेर येत नाही. डॉक्टर नाकातून नळी थेट जठरात घालतात, ते याचसाठी.

घोड्यावर बसता येतं का, हे विचारायची गरज नाही. उलट जो स्वतःहून “फिरवून आणू का?” असं तीनदा विचारतो, त्याच्यापासून मी जपून असते.

५. तीन दिवस बरोबर राहा

पैसे देऊन तीन दिवस बोलवा, तुम्ही घरात असताना. पहिल्या दिवशी तुम्ही करा, त्यानं बघावं. दुसऱ्या दिवशी दोघांनी. तिसऱ्या दिवशी तुम्ही घरातच बसा आणि खिडकीतूनही डोकावू नका. संध्याकाळी जाऊन बघा.

रात्रीच्या मुक्कामाचं याच वेळी ठरवून घ्या. सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या मारणारा माणूस स्वस्त पडतो, पण पोटशूळ संध्याकाळी सातला सुरू झाला तर सकाळी सातपर्यंत कुणालाच कळत नाही. माझी अट अशी: मुक्काम तबेल्याशेजारीच आणि झोपण्याआधी एक फेरी टॉर्च घेऊन. मुक्कामाला राहणाऱ्याला खाट, पंखा, चहाची सोय द्या. पावसाळ्यात गळणाऱ्या पत्र्याखाली कोण राहील?

६. चंदी तोंडी सांगू नका, मोजून द्या

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात.

आमचं माप पत्र्याचं मापटं आहे. ‘दोन मापटी’ असं मी त्या मुलाला सांगितलं होतं. पण हरभऱ्याचं मापटं आणि गव्हाच्या कोंड्याचं मापटं यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक असतो. भिजवलेल्या हरभऱ्याचं पुन्हा तिसरंच. आता मी ताणकाट्यावर तोलून रोजच्या चंदीच्या पिशव्या बांधून ठेवते. वीस दिवस, दोन घोडे, सकाळ-संध्याकाळ: ऐंशी पिशव्या. पिशवीवर घोड्याचं नाव. मैनाच्या निळ्या, भुऱ्याच्या पांढऱ्या. पावसानं फिरवणं बंद झालं तर मैनाची पिशवी निम्मी करायची आणि उरलेली परत डब्यात टाकायची, हे डब्याच्या झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. खरं तर मी नसताना चंदी कमीच ठेवते. घोडा थोडा वाळला तरी चालेल. आणि चंदीच्या डब्याला कुलूप हवं. घोडा सुटून डब्यात तोंड घालून बसला तर पोटशूळ उठतो किंवा खुरांना सूज येते. पुढचे पाय पुढे टाकून, मागे रेलून उभा राहिलेला घोडा एकदा पाहिलात की कुलूप विसरणार नाही.

वैरणीचा साधा हिशोब: वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा. साडेतीनशे किलोच्या घोडीला रोज पाच ते सात किलो. हा चारा दिवसात तीनचार वेळा विभागून, आणि रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा. बारा-बारा तास रिकाम्या पोटी घोडा राहता कामा नये. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात आणखी. हौदानं पाणी मोजता येत नाही, म्हणून मी गेल्यावर बादल्याच वापरायला सांगते. “आज किती बादल्या प्यायली?” या प्रश्नाला आकडा मिळतो. हौद असेल तर “पितेय की” एवढंच उत्तर.

पुरेसा साठा आधी करून ठेवा, वर एक आठवड्याचा जास्तीचा. संपलं म्हणून राखणाऱ्यानं दुसऱ्या दुकानातून दुसरंच काही आणलं की पोट बिघडलं. खाणं बदलायचं तर सात-दहा दिवसांत हळूहळू बदलायचं असतं.

आता काय घालायचं नाही ते. ही यादी भिंतीवर लावा:

- कोंबड्यांचं किंवा गाई-म्हशींचं तयार पशुखाद्य. त्यातल्या काहींमध्ये मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गुरांना आणि कोंबड्यांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाला विष आहे आणि अगदी थोडं पुरतं. शेजारी ‘पोतं उरलंय’ म्हणून प्रेमानं देतात. घेऊ नका.
- बुरशी आलेला कडबा, भिजून गरम झालेली गंजीतली वैरण, किडका मका. झटकल्यावर धूर उडाला तर ती पेंढी बाजूला.
- कोवळी ज्वारी.
- नुसतं उसाचं वाढं. साखर कारखाने सुरू झाले की आमच्याकडे वाढं फुकट पडलेलं असतं आणि सगळे तेच टाकतात. गंमत म्हणून चार पानं ठीक. महिनाभर तेवढंच घातलं तर त्यातली ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम ओढतात.
- कुंपणाच्या कण्हेरीची छाटलेली फांदी. वाळलेली कण्हेरही तेवढीच विषारी.
- पाहुण्यांचा गूळ, पेढे, वारकऱ्यांच्या पंगतीतली शिल्लक पोळी-भात.

७. दुखणं ओळखायला शिकवा

डॉक्टर बनवायचं नाहीये. रोज तेच ते बघितलं की वेगळं पटकन कळतं, एवढंच. माझ्या तबेल्यात वही टांगलेली आहे. सकाळी आणि रात्री चार रकाने: वैरण संपली का, पाणी किती बादल्या, लीद किती वेळा, उभा कसा आहे. निरोगी घोडा दिवसाला आठ-बारा वेळा लीद टाकतो. सकाळी जागा झाडताना ढीग मोजायची सवय लावा. तात्यांना लिहायचा कंटाळा येतो, ते रेघा ओढतात. चालतं.

थर्मामीटर ठेवा, त्याला दोरा आणि चिमटा बांधा, चिमटा शेपटीच्या केसांना लावायचा, म्हणजे पडत नाही. विश्रांतीत अंगाचं तापमान ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सिअस, श्वास मिनिटाला आठ ते सोळा, नाडी २८ ते ४४. जबड्याच्या आतल्या कडेला बोटं ठेवली की नाडी लागते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. हिरडी गुलाबी, दाबून सोडली की दोन सेकंदांत परत रंग यायला हवा. हे आकडे भिंतीवर, आणि त्यांच्याशेजारी तुमच्या घोड्याचे नेहमीचे आकडे.

तत्काळ फोन कधी: जमीन उकरतोय, पोटाकडे वळून बघतोय, आडवा पडून लोळतोय, लीद बंद, वैरणीला तोंड लावत नाही. पोटशूळ. वैरण काढून घ्यायची, किती वाजता सुरू झालं ते लिहायचं, घोडा लोळून स्वतःला इजा करत असेल तर हळू चालवायचा, शांत उभा असेल तर उभा राहू द्यायचा. औषध काही नाही. दुखणं मारणारं इंजेक्शन कपाटात असलं तरी डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याशिवाय नाही, नाहीतर दुखणं झाकलं जातं आणि आतड्याचा पीळ तसाच राहतो.

जखम झाली तर कितीही लहान असो, डॉक्टरांना कळवायचं. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो. जाण्याआधी त्याची लस झालेली आहे ना, हे तुम्हीच तपासा.

पावसाळ्याचं वेगळं एक पान: माश्या वाढल्या की सर्रा नावाचा रोग होऊ शकतो. ताप येतो-जातो, घोडा खातो पण खंगतो, पायांना आणि पोटाखाली सूज येते. संध्याकाळी कडुलिंबाचा पाला धुमसवायचा, पण धूर तबेल्यात कोंडू द्यायचा नाही. खुराच्या तळव्याला कुजका वास आला तर जागा कोरडी करायची. आणि मोटारीचा स्टार्टर, उघडी वायर, लोखंडी खांब यांच्या जवळ ओल्या जमिनीवर घोडा बांधायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही मी प्रत्येक वेळी सांगते.

८. मालक नाही म्हटल्यावर काय काय होतं

हा भाग लिहायला मला जरा संकोच वाटतोय, पण नवीन मालकांना कोणी सांगत नाही म्हणून लिहिते.

ओळखीतल्या एकांचा पांढरा घोडा त्यांच्या गैरहजेरीत तीन वरातींना गेला होता. कळलं कसं? खोगिराखालच्या केसांत चमकी अडकली होती. डीजेच्या भिंतीपुढे आणि फटाक्यांत नाचवलेला घोडा पुढे दोन महिने टाळी वाजली तरी दचकायचा. दुसऱ्या एकांच्या घोडीला परस्पर नर दाखवला गेला आणि अकरा महिन्यांनी शिंगरू झालं. रील काढायला येणारी पोरं, घोडा-बैल शर्यतीसाठी ‘एक दिवस द्या’ म्हणणारे, ‘आमच्या घोडीला दोन दिवस इथे बांधू द्या’ म्हणणारे मित्र: या सगळ्यांना राखणारा एकटा माणूस नाही म्हणू शकत नाही. त्याला गावात राहायचं असतं. त्याच्या वतीनं तुम्ही नाही म्हणून ठेवा. मी फाटकावर पाटी लावते: ‘घोडे डॉक्टरांच्या सांगण्यावरून विश्रांतीवर आहेत. बाहेर देता येणार नाहीत.’ डॉक्टरांचं नाव पुढे केलं की कुणाला राग येत नाही. खोगीर आणि लगाम घरात कुलपात ठेवते. खोगीरच नसेल तर निम्मे प्रश्न मिटतात.

राखणारा दुसरीकडेही घोडे बघत असेल तर इथला खरारा, बादली, फडकं इथेच राहतील आणि येताना हात-पाय धुऊन येतील, एवढं ठरवून घ्या.

९. कागद, पैसे आणि एक अवघड प्रश्न

एका फाइलमध्ये हे ठेवा:

- घोड्याचे दोन्ही बाजूंनी, समोरून आणि मागून फोटो. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचे जवळून. जुने लोक देवमण (शुभ मानलेली भोवरी) आहे का, कुठली भोवरी खोड म्हणून धरायची यावर तासन्‌तास बोलतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या घोड्यांच्या पासपोर्टातही ओळखीसाठी भोवऱ्याच नोंदवतात, कारण त्या बदलत नाहीत. घोडा हरवला तर हाच पुरावा.
- लसी, जंताचं औषध, नालबंदी यांच्या तारखा. ग्लँडर्सच्या तपासणीचा अहवाल.
- पशुवैद्यकाचा क्रमांक, त्यांच्या गैरहजेरीतल्या दुसऱ्याचा क्रमांक आणि जनावरांसाठीचा टोल-फ्री १९६२. जवळच्या मोठ्या दवाखान्याचा पत्ता.
- घोडा चढवता येईल अशा टेम्पोवाल्याचा क्रमांक. रात्री दोनला शोधत बसू नये म्हणून आधीच बोलून ठेवलेला.
- विमा असेल तर पॉलिसीची प्रत. दुर्दैवानं घोडा गेला तर विम्याच्या दाव्याला साधारणपणे पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल लागतो. तेव्हा कंपनीला कळवल्याशिवाय पुरायची घाई नको, हे लिहून ठेवा.
- सहीचं संमतीपत्र: ‘माझा फोन लागला नाही तर अमुक व्यक्ती उपचाराचा निर्णय घेईल. खर्चाची मर्यादा इतकी.’

अवघड प्रश्न म्हणजे घोडा वाचणार नाही असं डॉक्टर म्हणाले आणि तुम्ही दिवेघाटात आहात, रेंज नाही. अशा वेळी त्याला शांतपणे सोडवायचा निर्णय कोण घेणार? राखणाऱ्यावर हे ओझं टाकू नका. मी माझ्या नणंदेचं नाव लिहिलंय आणि तिला समोर बसवून सगळं बोलले आहे. भुऱ्याच्या वयाकडे बघून ते बोलणं सोपं नव्हतं.

पैसे: आमच्याकडे शेतमजुराची जी हजेरी चालते तिच्या दीडपट मी देते, मुक्काम धरून. तिसरा हिस्सा आधी, तिसरा मध्ये नणंदेकडून, उरलेला परत आल्यावर. त्याशिवाय डॉक्टर-औषधांसाठी वेगळं पाकीट, पावत्यांसकट. मजुरीच्या पैशातून औषध आणायची वेळ आली की माणूस औषध उद्यावर ढकलतो. आणि फोन केल्याबद्दल कधीही चिडू नका. त्या मुलानं फोन का केला नाही, यावर मी पुष्कळ विचार केलाय. जाताना मी त्याला म्हणाले होते, “काही बिघडलं तर बघ हं!” आता तात्यांना म्हणते, “उगाच वाटलं तरी फोन करा, मी रागावले तर मजुरी दुप्पट.” दोनदा उगाच आला फोन. दोन्ही वेळा मी आभार मानले.

१०. निघाल्यावर आणि परतल्यावर

रोज सकाळी तात्यांचा नातू व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवतो: घोडे उभे असलेले, रिकामी गव्हाण आणि लीद. दिंडीत हरिपाठ झाल्यावर मी चष्मा चढवून लिदीचे फोटो मोठे करून बघते. शेजारच्या मावशींनी एकदा विचारलं, “नातवंडाचे फोटो का गं?” मी हो म्हणाले.

फोटो आला नाही तर दुपारी बारापर्यंत थांबायचं, मग नणंदेला फोन. ती दहा किलोमीटरवर राहते आणि न सांगता मध्ये एकदा चक्कर मारते. तात्यांना हे माहीत आहे, लपवाछपवी नाही.

परत आल्यावर लगेच लाड म्हणून गूळ-चणे घालू नका आणि पहिल्या दिवशी स्वारीही नको. अंगावरून हात फिरवा, खोगिराची जागा, तोंडाचे कोपरे, खूर बघा, छातीचा घेर टेपनं मोजा आणि जाण्याआधीच्या आकड्याशी ताडून पाहा. चंदीच्या पिशव्या मोजा. मग हिशोब पुरा करण्याआधी राखणाऱ्याला चहा द्या आणि विचारा की वहीत नसलेलं काय दिसलं.

गेल्या वर्षी तात्या बराच वेळ बशीतला चहा फुंकत बसले आणि म्हणाले, “मैनेचं काय नाय ताई, पण म्हातारा कडबा टाकतोय.” गव्हाणीखालून त्यांनी मूठभर काहीतरी आणून दाखवलं. अर्धवट चावलेल्या कडब्याचे ओले गोळे, अंगठ्याएवढे. भुऱ्या माझ्यासमोर रोज खात होता आणि मला कधी दिसले नव्हते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं, उजव्या बाजूच्या दाढांना धारदार कडा आल्या होत्या, गाल आतून सोलला होता. कानशीनं दाढा घासल्या. संध्याकाळी त्यानं गव्हाण चाटूनपुसून साफ केली.